‘इंधन’मधले गाव

हमीद दलवाई म्हटले की आपल्याकडे १९७० सालचे मुस्लिम सत्यशोधक मंडळ आठवते, वाद सुरू होतो आणि १९६५ची ‘इंधन’ ही कादंबरी न वाचताच बाजूला राहते. नुकसान आपलेच आहे. उर्दूतून शिकलेल्या आम्हा लोकांना फसादांचे साहित्य म्हणजे मंटो, म्हणजे पंजाब. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या दलवाईंनी तीच आग कोकणातल्या खेड्यात दाखवली.

हृदयविकाराने आजारी असलेला निवेदक पंधरा वर्षांनी मुंबईहून गावी येतो. इथे हिंदू, मुसलमान, बौद्ध एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. तरी गाव पेटते. जमीन, जात, बाईची अब्रू, जुनी खुन्नस. सरपण आधीच रचलेले असते. दलवाई कुणा एका जमातीला गुन्हेगार ठरवत नाहीत आणि मुसलमानांनाही सोडत नाहीत. आपल्याला बोचते ते हेच, आणि कादंबरीचे बळही हेच.

माझी तक्रार वेगळी आहे. निवेदक पाहुण्यासारखा येतो आणि निघून जातो. पण दंगलीनंतर त्याच पाणंदीत, त्याच दुकानात, त्याच एस.टी.त रोज समोरासमोर येणाऱ्यांचे काय? सलाम-रामराम पुन्हा सुरू व्हायला किती शिमगे जावे लागतात? ते लिहिणे मुंबईला परतणाऱ्याच्या हातून होणारे नव्हते.