'अंकल' या इंग्रजी शब्दाची अर्थव्याप्ती आणि मराठी भाषक विद्यार्थी

बीजसंज्ञा : नातेवाचक शब्द, द्विभाषिक कोश, संबोधन, भाषांतर

प्रस्तावना : द्विभाषिक कोशांत 'अंकल' या शब्दापुढे सामान्यतः काका, चुलता, मामा असे पर्याय स्वल्पविरामांनी मांडलेले असतात. त्यामुळे हे शब्द परस्परांऐवजी वापरता येतात, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. या मांडणीच्या मर्यादांचे विवेचन येथे केले आहे.

विवेचन : वडिलांचा भाऊ, आईचा भाऊ, आत्याचा आणि मावशीचा पती या सर्वांसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे. मराठी येथे काका, मामा, आतोबा, मावसा असा भेद करते. चिनी भाषा त्याही पुढे जाऊन वडिलांच्या थोरल्या व धाकट्या भावांनाही निराळे शब्द योजते. प्राचीन इंग्रजीतही काका व मामा यांसाठी स्वतंत्र शब्द होते. फ्रेंचमधून आलेल्या 'अंकल'ने त्यांची जागा घेतली. विशेष म्हणजे या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ केवळ 'मामा' असा होता.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. पारंपरिक कुटुंबव्यवस्थेत काका हा भाऊबंद, म्हणून वाटेकरी. मामा त्या वाट्याबाहेरचा. १७३९ मध्ये वसई जिंकणारे चिमाजी अप्पा हे नानासाहेब पेशव्यांचे काका. १७७३ मध्ये पुतण्या नारायणरावाचा खून झाल्यावर पेशवेपदावर आलेल्या रघुनाथरावांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात हीच वसई इंग्रजांना देऊ केली. नारायणरावाच्या तोंडी परंपरेने घातलेल्या आर्त हाकेतील 'काका'चे 'अंकल' केल्यास आधार आणि वारसाहक्काची स्पर्धा यांतील ताण लोप पावतो.

संबोधनाचा प्रश्न वेगळा आहे. वसई-विरारच्या गृहसंकुलांत शेजाऱ्यास 'अंकल' म्हणणे आदराचे मानले जाते. चिनी भाषकही अपरिचित प्रौढास काकावाचक शब्दाने हाक मारतात. ब्रिटन-अमेरिकेत मात्र अनोळखी व्यक्तीस असे संबोधणे आज सहसा रूढ नाही. म्हणून भारतीय इंग्रजीतील हा प्रयोग अशुद्ध ठरवण्याऐवजी त्याचे क्षेत्र विद्यार्थ्यांना समजावून देणे उचित होय.

निष्कर्ष : कोशातील नोंदीत नाते आणि संबोधन हे अर्थ पृथक् द्यावेत, प्रत्येक मराठी पर्यायासमोर नात्याचा निर्देश असावा. भाषांतरात नाते कथानकाला वळण देत असेल, तेथे 'वडिलांचा भाऊ' किंवा 'आईचा भाऊ' असा खुलासा मजकुरातच करावा. पर्यायांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांच्या निवडीचा निकष देणे विद्यार्थ्यास अधिक उपकारक ठरेल.