अणू दिसला, म्हणजे नेमके काय दिसले?

खामगावला विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात मला बोलावणे होते. मी याच जिल्ह्यातला. धातूच्या पृष्ठभागावर बसलेले सेंद्रिय रेणूंचे पातळ थर हा माझा अभ्यासाचा विषय. भाषणाआधी संयोजकांनी ‘अ बॉय अँड हिज अ‍ॅटम’ हा छोटा चित्रपट दाखवला. मागे नववीची काही मुले बसली होती. चित्रपट संपताच एका मुलीने विचारले, “सर, हे अणू तांब्याचे का?” एका शिक्षकांनी तत्परतेने सांगितले, “नाही, कार्बनचे.” उत्तर चुकले, पण दोष त्यांचा नाही. चित्रपट पाहून बरोबर उत्तर देणे अवघडच आहे.

आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील अल्माडेन प्रयोगशाळेने हा चित्रपट २०१३ साली प्रसिद्ध केला. लांबी जेमतेम दीड मिनिट, चौकटी २४२. ठिपक्यांचा बनलेला एक मुलगा एका सुट्या ठिपक्याशी चेंडूसारखा खेळतो, नाचतो, उड्या मारतो. प्रत्येक चौकटीसाठी हे ठिपके तांब्याच्या पृष्ठभागावर एकेक करून सरकवले आहेत, तेही उणे २६८ अंश सेल्सिअस तापमानाला. कारागिरी म्हणून याला तोड नाही आणि मुले खिळून पाहतात, हेही खरे.

पण शीर्षकापासूनच घोटाळा आहे. पडद्यावरचा एकही ठिपका सुटा अणू नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू. तो तांब्यावर उभा राहतो. कार्बन खाली धातूला चिकटलेला, ऑक्सिजन वर. म्हणून दोन अणूंचा मिळून एकच ठिपका दिसतो. अणू आणि रेणू यांतला फरक आपण वर्षभर घोटून घ्यायचा आणि एका गोड चित्रपटाने तो दीड मिनिटात पुसून टाकायचा, हे मला पटत नाही.

याहून मोठी हरकत वेगळी आहे. ते ठिपके चकचकीत गोट्यांसारखे दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते, हा फोटो आहे. तो फोटो नाही. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे एसटीएम, यात ना भिंग, ना प्रकाश. बिनिग आणि रोरर यांनी १९८१ साली झुरिचला सिद्ध केलेल्या या यंत्रात एक अणकुचीदार सुई पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर धरतात. मधल्या फटीतून अत्यल्प विद्युतप्रवाह वाहतो. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले, की प्रवाह सुमारे दहापट घटतो. प्रवाह कायम राहील अशा बेताने सुई वरखाली करत फिरवायची आणि तिच्या वाटेचा नकाशा काढायचा, एवढेच.

तापलेल्या तव्यावर तळहात न टेकवता फिरवून पाहा. हाताला लागणारी धग सगळीकडे सारखीच राहावी, असा नियम ठेवा. तव्याचा मधला भाग जास्त तापलेला असेल, तर तिथे हात आपोआप वर जाईल. आता हाताच्या वाटेचे चित्र काढले, तर मध्ये टेकडी दिसेल. तवा मात्र सपाटच आहे!

असा ‘तवा’ प्रयोगशाळेत खरोखर सापडला आहे. छपाईच्या निळ्या शाईतला रंग म्हणजे कॉपर थॅलोसायनिन. हा चार पाकळ्यांचा चपटा सेंद्रिय रेणू, मध्यभागी तांब्याचा एक अणू. त्या जागी कोबाल्ट घातला तरी रेणूचा आकार जवळजवळ तोच राहतो. हिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हे दोन्ही रेणू सोन्यावर पसरून एसटीएमखाली पाहिले. कोबाल्टच्या रेणूचा मध्य उंच, उजळ दिसला. तांब्याच्या रेणूचा मध्य खोलगट, काळसर. फरक उंचीत नव्हता, प्रवाहाला वाट देणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या कक्षकांत होता. मीही पूर्वी व्याख्यानांत अशा चित्रांकडे बोट दाखवून बेधडक ‘उंची’ म्हणत असे, हे कबूल करायला हवे.

चित्रपटातला कार्बन मोनॉक्साइड तर याहून खोडकर. धातूच्या साध्या सुईने पाहिले, तर तांब्यावर उभा असलेला हा रेणू खड्ड्यासारखा दिसतो. सुईच्या टोकाला तसाच एक रेणू उचलून घेतला, की तोच उंचवटा होतो. म्हणजे चित्रात पृष्ठभाग, रेणू आणि सुई असे तिघेही उतरलेले असतात. पडद्यावर मात्र फक्त गोट्या.

पृष्ठभागाबद्दलही चित्रपट मौन पाळतो. खामगावची चांदी प्रसिद्ध आहे. तिथल्या पेढीवर नुकतेच उजाळलेले ताट आपल्याला लख्ख वाटते, पण हवेतले रेणू काही अब्जांश सेकंदांत सगळ्या पृष्ठभागावर आदळून जातात आणि थोड्याच वेळात त्यावर पाण्याचा, तेलकट द्रव्यांचा थर बसतो. वातावरणाच्या सुमारे एक अब्जांश दाबालाही हे आदळणे एका सेकंदात पुरे होते. म्हणून एवढी निर्वात पोकळी, एवढी थंडी. निम्मी मेहनत तांबे उघडे ठेवण्यात जाते आणि ती कोठेच दिसत नाही. हे काम केवळ परदेशातच होते, असे मात्र नाही. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सी. व्ही. धर्माधिकारी यांच्या गटाने एसटीएमवर अनेक वर्षे काम केले आहे.

तरीही चित्रपट वर्गात जरूर दाखवावा, पण मध्येच थांबवून. ठिपक्यांभोवती पाण्यावर उठाव्यात तशा फिकट वलयरेषा आहेत. पार्श्वभूमीची सजावट समजून मुले त्या सोडून देतात. त्या आहेत तांब्याच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनच्या लाटा, रेणूंवर आपटून परतलेल्या. दोन वलयांतले अंतर सुमारे दीड नॅनोमीटर. गोट्या आणि काड्यांच्या कोणत्याही प्रतिकृतीत हे दाखवता येत नाही. चित्रपटातले सर्वांत मोलाचे दृश्य हेच, आणि त्याविषयी त्यात एक अक्षरही नाही. त्या मुलीला मी वलयांविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “ते तर मी पाहिलंच नाही. परत लावा ना.”