घरोट आणि भाकरी : बहिणाबाई चौधरी यांच्या काव्यातील आहार, श्रम आणि वार्धक्य

जुन्या पिढीचा आहार सकस होता, तिचे शरीर सदैव कामात होते आणि म्हणून तिचे वार्धक्य निरोगी होते, असा एक समज आज सर्वत्र रूढ आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्यानंतर या समजास अधिकच बळ आले. खानदेशात त्याच्या पुष्ट्यर्थ ज्या साहित्यकृतीकडे स्वाभाविकपणे बोट दाखविले जाते, ती म्हणजे ‘बहिणाबाईंची गाणी’. जळगावजवळील आसोदे येथे २४ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी निवर्तलेल्या बहिणाबाईंचे सारे आयुष्य शेत, जाते आणि चूल यांच्या सान्निध्यात गेले. तेव्हा त्यांच्या गाण्यांत पूर्वजांच्या आरोग्याचे मर्म शोधावे, ही इच्छा अस्वाभाविक म्हणता येणार नाही. मात्र ती मनात धरून वाचताना या काव्याचा कोणता भाग हाती लागतो आणि कोणता दृष्टीआड होतो, याचा विचार झाला पाहिजे.

प्रथम या संहितेचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांतील काही त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव चौधरी आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजे जे टिपले गेले तेवढेच उरले. शिवाय या रचनांवर कालाचा शिक्का नाही. कोणते गाणे विशीतले आणि कोणते साठीतले हे संहितेवरून ठरविता येत नाही. म्हणून या संग्रहातून एखाद्या निरोगी वार्धक्याचा आलेख काढू पाहणे मुळातच धोक्याचे आहे. मात्र एका विशिष्ट जीवनपद्धतीत अन्न आणि देह यांचा संबंध कसा होता, याची साक्ष त्यांतून निश्चित मिळते, आणि ती साक्ष फार मोलाची आहे.

त्या साक्षीचा पहिला विशेष असा, की पदार्थांच्या वर्णनापेक्षा कामांचे वर्णन या गाण्यांत कितीतरी अधिक आहे. खानदेशाच्या खाद्यपरंपरेचा विषय निघाला म्हणजे कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, डुबुकवड्या, बिबडे, खापरावरचे मांडे अशी यादी पुढे येते. बहिणाबाईंच्या काव्यात अशी यादी शोधणाऱ्याची निराशा होईल. तेथे आढळते ती एक साखळी : ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’, पुढे ‘घरोट’ आणि शेवटी चूल. दाणा मातीत पडल्यापासून तव्यावर जाईपर्यंतचा प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी पायांनी आणि हातांनी पार पडतो. ‘रगडनी’त खळ्यावर गोल फिरणाऱ्या बैलाच्या पावलांचे ऋण मान्य केले आहे, ‘उपननी’त वाऱ्याची आळवणी आहे, कारण तो आल्याखेरीज भूस आणि दाणा वेगळा होत नाही. या काव्यातील भाकरीला चव येते ती तिच्यामागील कामाच्या क्रमाने.

येथे आजच्या आरोग्यचर्चेला एक खरी शिकवण मिळते. आहार आणि व्यायाम असे दोन स्वतंत्र विभाग पाडून त्यांची बेरीज करण्याची आजची रीत आहे. बहिणाबाईंच्या जगात हे दोन विभाग नव्हतेच. अन्न मिळविणे आणि शरीर चालविणे ही एकच क्रिया होती. शारीरिक हालचालीचे महत्त्व आधुनिक वैद्यकाने बऱ्याच उशिरा मोजले. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून गाडी चालविणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले, तेव्हा कुठे या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला दिशा मिळाली. हे वाहक प्रकृतीसाठी जिने चढत नव्हते. ते त्यांचे काम होते. बहिणाबाईंच्या माहेरवाटेवरील रचनेत उन्हाने तापलेल्या रस्त्याचे चटके आहेत, वाटेवरच्या ठेचा आहेत. तरी ती वाट सुखाची वाटते, कारण तिच्या टोकाला आसोद्याचे घर आहे. चालण्याला प्रयोजन असले म्हणजे चालणे टिकते, हे या रचनेवरून सहज उमजते. ‘आखजी’तील निंबावरचा झोका हेही शरीराचेच चलन आहे; पण ते सासुरवाशिणीला वर्षाच्या सणापुरते लाभणारे आहे. कष्टाची हालचाल आणि आनंदाची हालचाल यांचे प्रमाण किती विषम होते, हे या गाण्यांचा क्रम लावून पाहिले की दिसते.

आहाराच्या अंगाने पाहता परंपरेचे शहाणपण आणि परंपरेची उणीव ही दोन्ही एकाच भाकरीत आढळतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. ज्वारीबरोबर उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी म्हणूनच केवळ ज्वारीच्या भाकरीपेक्षा अधिक पोषक ठरते. हे शास्त्र ठाऊक नसताना जळगाव आणि धुळे या दोन्ही भागांतील स्त्रियांनी हा संयोग रूढ केला, ही गोष्ट कौतुकास्पद आहे. परंतु हाच दाखला उलट बाजूनेही वाचावा लागतो. ज्याला उडीद परवडत नाही, त्याच्या ताटात काय उरते? दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा हा रोग आढळतो, याकडे हैदराबाद येथील पोषण-संशोधक सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली लक्ष वेधले. ज्वारीतील ल्यूसिनचे आधिक्य हे त्यांनी सुचविलेले कारण पुढे वादग्रस्त ठरले. तथापि एकाच धान्यावर जगणाऱ्याला ते धान्य पुरे पडत नाही, हा मूळ मुद्दा अबाधित राहिला. ज्वारीचा गौरव करताना तिच्या सोबतीला काय होते, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

‘पूर्वजांचा आहार’ या शब्दप्रयोगाचीही थोडी चिकित्सा करणे भाग आहे. खानदेशी ठेच्यातील मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारतात आल्यानंतर मिरची इकडे रुजली. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, लोहमार्ग आला आणि खानदेशाची काळी जमीन अधिकाधिक बाजारासाठी पिकू लागली. बहिणाबाईंचा जन्म झाला तेव्हा धुळे हे मुख्य ठाणे असलेला खानदेश जिल्हा अखंड होता; १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. म्हणजे ज्या काळाला आज अनादी परंपरा समजले जाते, तो काळ स्वतःच मोठ्या स्थित्यंतराचा होता. शिवाय बहिणाबाईंचे माहेर आणि सासर ही दोन्ही शेतजमीन बाळगणारी घरे होती. त्याच मुलखात १८९६–९७ आणि १८९९–१९०० या वर्षांत दुष्काळ पडले. सातपुड्याच्या पायथ्याशी मजुरीवर जगणाऱ्या भिल्ल कुटुंबाचे ताट आणि गावातील कुणब्याचे ताट एक नव्हते. एका कवयित्रीच्या चुलीवरून साऱ्या खानदेशाचे पोषण अनुमानणे युक्त नाही.

आता काव्याच्या त्या भागाकडे वळावयास हवे, जो आरोग्याचा महिमा गाणारा वाचक बहुधा ओलांडून जातो. ‘घरोट’ ही जात्यावरची रचना आहे. जे पीठ देते, ज्यातून पीठ येते, त्याला ‘जाते’ का म्हणावे, असा बहिणाबाईंचा चतुर कोटिक्रम सर्वांना आठवतो. परंतु दळता दळता हात दुखतात, अंग घामाने भिजते, हेही त्याच गाण्यात स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे. गाणे त्या दुखण्यातून येते. पीठ जसे दगडांच्या घर्षणातून गळते, तसे ओठांतून गाणे गळते, अशी त्या रचनेची कल्पना आहे. जात्यावर दळलेल्या पिठात कोंडा आणि अंकुर राहतो, दळणाने खांदे आणि पाठ यांना व्यायाम घडतो, हे खरे. पण कवयित्रीने नोंद केली आहे ती दुखऱ्या हातांची. ती नोंद वगळून उरलेले गाणे आरोग्याच्या उपदेशासाठी वापरणे, हा काव्याचा विपर्यास होय.

तीच गोष्ट चुलीची. ‘चुल्हा पेटता पेटेना’ या रचनेत न पेटणारी चूल आणि डोळ्यांना झोंबणारा धूर यांचा वैताग आहे. गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांच्या धुराने स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना फुफ्फुसाचे जुनाट विकार जडतात, हे आता वैद्यकाने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. ‘संसार’ या सर्वपरिचित रचनेतही भाकरीच्या आधी चटका येतो. आणि हा क्रम निव्वळ रूपकाचा नाही, तो स्वयंपाकघरातील रोजच्या अनुभवाचा आहे. चुलीवरच्या भाकरीची चव आठवणारा बहुधा जेवणारा असतो; धूर आठवणारी ती भाजणारी असते. बहिणाबाईंच्या काव्याचे श्रेष्ठत्व यात आहे, की त्यात भाजणारीचा आवाज प्रथमपुरुषी आहे.

दीर्घायुष्याच्या प्रश्नावरही हे काव्य भाबड्या समजाला आधार देत नाही. १९११ ते १९२१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षे होते. या आकड्याचा अर्थ विशीत माणसे म्हातारी होत असा नाही. बालमृत्यू, प्लेग, पटकी आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी तो खाली ओढला होता. जे या साऱ्यांतून निभावले, त्यांतील काहीजण सत्तरी गाठीत, आणि तेच नातवंडांच्या आठवणीत उरत. जे गेले त्यांची आठवण सांगणारे कोणी उरले नाही. ‘आजी ज्वारी खाऊन काटक होती’ या विधानातील दोष तो हाच. बहिणाबाईंनी प्लेगवर रचना केली आहे, आणि त्यांच्या थोरल्या मुलाला त्याच रोगाने अपंगत्व आले. त्यांना वैधव्य आले ते वयाच्या तिसाव्या वर्षी. ‘आता माझा माले जीव’ ही रचना त्या आघातातून उभी राहिली आहे. सकस भाकरी आणि अखंड श्रम असलेल्या घरातही मृत्यू असा अवेळी येत होता.

या ठिकाणी दूरदेशीचे एक उदाहरण उपयोगी पडेल. बोलिव्हियाच्या अरण्यप्रदेशात शेती, शिकार आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या त्सिमाने लोकांच्या हृदयवाहिन्या वृद्धपणीही विलक्षण स्वच्छ आढळतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले. दिवसभराची हालचाल आणि साधा आहार यांचे फळ त्यात निश्चितच आहे. पण त्याच लोकांत संसर्गजन्य रोगांचे प्रमाण मोठे आहे, हेही संशोधकांनी नमूद केले आहे. खानदेशाच्या जुन्या जीवनाचा न्यायही याच मापाने करावयास हवा. त्या जीवनाने रक्तवाहिन्यांना जे दिले, ते बाळंतिणीला, तान्ह्या मुलाला आणि धुरात बसलेल्या फुफ्फुसांना दिले नाही.

मग वार्धक्याविषयी बहिणाबाई काय सांगतात? ‘घरोट’मध्येच त्याचे एक चित्र आहे. दळून दळून जात्याचा दगड झिजतो, संगमरवरासारखा गुळगुळीत होतो. मग टाकारीण येते आणि त्याला टाकी लावून पुन्हा खडबडीत, पुन्हा दळण्याजोगा करते. दळणारी आणि दगड दोघेही एकाच कामात झिजत असतात. दगडासाठी टाकारीण दारात येते. दळणारीसाठी कोण येते, हा प्रश्न गाण्यात उच्चारलेला नाही, पण तो ऐकू येतो. झिजणे ही त्यात तक्रार नाही, तसा तो गौरवही नाही. कामाची ती किंमत आहे, आणि ती दोघांनी मोजली आहे. वार्धक्याचे इतके संयत आणि भावविवशतेपासून मुक्त दर्शन मराठी काव्यात विरळाच.

या दर्शनाशी प्रामाणिक राहून परंपरेचा वारसा घ्यावयाचा, तर त्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरविता येते. ज्वारी-उडदाचा संयोग, पालेभाज्या, न चाळलेले पीठ, दिवसभरात विखुरलेली हालचाल, प्रयोजनाने चालणे, हे घेण्यासारखे आहे. पहाटेचे सक्तीचे दळण, धुराची चूल आणि एका स्त्रीच्या अंगावर पडणारा साऱ्या घराचा भार हे सोडण्यासारखे आहे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा जात्यावरच्या स्त्रीने ती आनंदाने स्वीकारली, हे विसरता कामा नये. गिरणीने वाचविलेल्या श्रमाची जागा आता सर्वांनी, पुरुषांनीही, वाटून घेतलेल्या हालचालीने भरावयाची आहे. जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. त्या नावाखाली त्यांच्या काव्याचा अभ्यास होताना भाकरीबरोबर दुखऱ्या हातांचीही नोंद राहील, तर तो अभ्यास त्या काव्याला न्याय देणारा ठरेल.