संदेष्ट्यांची वाणी : दंड आणि वचन

बायबलाच्या जुन्या करारांतील संदेष्ट्यांचीं पुस्तकें आपल्याकडील सुशिक्षित वाचक क्वचितच उघडतो. ख्रिस्ताचें चरित्र बहुतेकांच्या ऐकण्यांत असतें. परंतु आमोस, होशेय, यिर्मया हीं नांवें परकींच राहतात. याला एक शब्दही थोडासा कारण झाला आहे. जुन्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत या पुरुषांस 'भविष्यवादी' म्हणत. हा शब्द कानीं पडतांच पंचांग आणि कुंडली डोळ्यांपुढें उभ्या राहतात, आणि भाकित खरें ठरलें कीं खोटें एवढाच प्रश्न मनांत उरतो. पुढें रूढ झालेला 'संदेष्टा' हा शब्द अधिक यथार्थ आहे. उद्यां काय घडेल हें सांगणें हें या पुरुषांचें मुख्य कार्य नव्हे. आज जें चाललें आहे त्याचा ईश्वरी निवाडा ऐकविणें हें त्यांचें कार्य होय.

हा निवाडा कोणाविरुद्ध असतो, हें पाहण्यासारखें आहे. इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या मध्यास यहूदांतील तकोवा गांवचा आमोस नांवाचा मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएल राज्यांत जाऊन बोलूं लागला. प्रथम त्यानें शेजारच्या राष्ट्रांचीं पातकें मोजलीं : दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम. शत्रूंची निंदा ऐकून श्रोत्यांनीं माना डोलविल्या असतील. पण तेंच बोट त्यानें अखेर श्रोत्यांकडे वळविलें. जोड्याच्या किंमतीला गरिबास विकणारे, खोटीं मापें ठेवणारे, दुबळ्यांकडून धान्य उकळून घडीव दगडांचे वाडे उठविणारे तुम्हीच आहां. त्या वाड्यांत तुम्ही राहणार नाहीं आणि स्वतः लाविलेल्या मळ्यांचा द्राक्षरस पिणार नाहीं, असें त्यानें बजाविलें. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्यानें शोमरोन घेतलें आणि तें राज्य संपलें.

आपल्या वाङ्मयांत याच्या जवळपास जाणाऱ्या दोन कृति आहेत. ज्ञानेश्वरीच्या शेवटचें पसायदान सर्व विश्वाचें मंगल मागतें. दुष्टांचा नाश न मागतां त्यांचें दुष्टपण जावें एवढेंच मागतें. तेथें पुनःस्थापना आहे, पण खटला नाहीं. समर्थ रामदासांच्या 'आनंदवनभुवनीं' या प्रकरणांत पाप्यांचा संहार व तीर्थक्षेत्रांचा उद्धार हीं दोन्ही स्वप्नरूपानें दिसतात; परंतु तेथें दंड होतो तो मुख्यतः परचक्राला. आमोसाची वाट या दोहोंहून निराळी आहे. त्याच्या न्यायासनापुढें आरोपी म्हणून स्वकीयच उभे आहेत, आणि देवाशीं असलेलें त्यांचें विशेष नातें हीच त्यांच्या अपराधाची वाढ ठरते. यांत थोरवी कोणाची अधिक हा वाद घालण्याचें कारण नाहीं. मात्र स्वजनांविरुद्ध असा निवाडा बोलून दाखविण्यास निराळें धैर्य लागतें, हें मान्य केलें पाहिजे.

आतां एक आक्षेप. आमोसाच्या पुस्तकाच्या अखेरच्या ओळींत एकाएकीं सूर पालटतो : पडलेला मंडप पुन्हा उभारला जाईल, उजाड नगरें वसतील. इतक्या कठोर वाणीनंतर हें गोड पक्वान्न कशाला? या ओळी मागाहून जोडल्या असें पुष्कळ पंडितांचें मत आहे, आणि तें नाकारण्यासारखें नाहीं. तथापि त्या कोणीं कां लिहिल्या असेनात, लिहिणाऱ्यास मूळ पुस्तक पुरतें समजलें होतें. वचन कशाचें दिलें आहे तें पाहा. स्वर्गाचें नाहीं, शत्रूवरील विजय हा तर त्याचा अल्पसा भाग. मुख्य वचन हें कीं लोक द्राक्षमळे लावतील आणि त्यांचा रस स्वतः पितील. म्हणजे शिक्षेचा जो मजकूर, तोच उलटा लिहून वचन झालें आहे. दंड विसरून दिलेलें हें वचन नव्हे. दंडांतूनच तें निघालें आहे.

यिर्मयाच्या चरित्रांत हीच गोष्ट कृतीनें दिसते. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमास वेढा घातला होता. नगर पडणार असें सांगितल्यावरून यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत होता. अशा वेळीं त्यानें अनाथोथ येथील चुलतभावाचें शेत सतरा शेकेल रुपें तोलून विकत घेतलें, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत केलें, आणि तें पुष्कळ दिवस टिकावें म्हणून मातीच्या भांड्यांत ठेवविलें. ज्या भूमीवर शत्रूचा तळ, ती कोण घेतो? त्यापूर्वीं हनन्या नांवाच्या दुसऱ्या संदेष्ट्यानें दोन वर्षांत सर्व ठीक होईल असें सांगून लोकांना खूष केलें होतें. दोघेही पुनःस्थापनाच सांगत होते. भेद इतकाच कीं हनन्यानें दंड वगळून आशा दिली, आणि यिर्मयानें दंडाचा प्याला स्वतः लोकांबरोबर पिऊन, पदरचे पैसे मोजून ती दिली.

वचनाची भाषा शेताची व मळ्याची कां, हें शहरांतील वाचकास सहजीं कळत नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकास, गुजरातच्या सीमेवर असलेला सुरगाणा तालुका डोळ्यांपुढें आणल्यास तें कळेल. १९४८ पर्यंत हें एक लहानसें संस्थान होतें. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादि आदिवासी जमातींची. पीक भात, नागली, वरई यांचें. पाऊस उदंड, तरी उन्हाळ्यांत पाण्यासाठीं पायपीट. पावसाळी पिकें निघालीं कीं अनेक कुटुंबें दिंडोरी-निफाडकडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन आपल्या नांवें व्हावी हें येथील जुनें गाऱ्हाणें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो हक्क मान्य केला. तरी मार्च २०१८ मध्यें याच मागणीसाठीं नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारें १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाण्याचे लोक मोठ्या संख्येनें होते.

आमोसाला सुरगाणा ठाऊक नव्हता, आणि त्याच्या शब्दांवर आजच्या राजकारणाचा शिक्का मारणें हा अरसिकपणा होईल. परंतु जो दुसऱ्याचा मळा खुडतो, त्याला 'आपण लाविलेल्या वेलीचें फळ आपण खाऊं' या आशेचा अर्थ विवरून सांगावा लागत नाहीं. सातबाऱ्यावर नांव यावें म्हणून जो झटतो, त्याला भांड्यांतील खरेदीखताचें मोल कळतें. विवरण लागतें तें आपणांस. कारण या पुस्तकांतील घडीव दगडांचे वाडे बहुधा आपल्या वर्गाचे आहेत. म्हणून हीं पुस्तकें वाचतांना अखेरचीं सांत्वनाचीं पानें आधीं उघडूं नयेत. पहिल्या पानांवरील आरोप आपल्यावर आहे असें समजून जो वाचील, त्यालाच शेवटच्या वचनांत आपलाही वाटा आहे कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार पोंचतो.