कोणीहि न वाजविलेली सुरावट

पाश्चात्य वाद्यवृंद म्हणजे शिस्तींत केलेला गलबला, आणि गवयाच्या गळ्यावाचून करुणरस नाहीं, असें आमच्याकडील कित्येक रसिकांस वाटतें. लंडनच्या वास्तव्यांत एके सायंकाळीं रॉयल आल्बर्ट हॉलमध्यें जाईपर्यंत आमचेंहि मत निराळें नव्हतें. १८९५ सालीं सुरू झालेल्या 'प्रॉम्स' जलशांत स्वस्त तिकिटाचे श्रोते उभ्यानें ऐकतात, आम्ही त्यांपैकींच. कार्यक्रमांत चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी होती. १८९३ सालीं ती पीटर्सबर्ग येथें प्रथम वाजली, आणि नऊ दिवसांनीं तिचा कर्ता वारला.

तिचा तिसरा भाग विजयी कूचासारखा संपतो. अनेकांनीं टाळ्या वाजविल्या, आम्हींहि. (मध्येंच टाळी देणें तेथें अशिष्ट, पण जागच्या जागीं दाद देण्याची आमची जुनी खोड!) मग अखेरचा भाग आला, संथ व शोकाकुल. त्याच्या आरंभींची सुरावट व्हायोलिनांच्या दोन तुकड्या स्वराआड स्वर वांटून घेतात. कोणत्याहि एका तुकडीचे स्वर निराळे ऐकले तर ती सांपडत नाहीं. ती जुळते श्रोत्याच्या कानांत. ख्यालांतील आर्तता आपण त्या गवयाची म्हणून ऐकतों. येथें दुःखाला मालकच नव्हता. पुढें परततांना मात्र पहिली तुकडी ती एकटीच पुरी वाजविते, आणि तेथें आमचा धीर सुटला. परदेशांत मन हळवें होतें हें कबूल. पण ही योजना कांहीं हळवेपणानें सुचत नाहीं.

शेवटीं चेलो व डबल-बास यांचे स्वर खालीं खालीं जात विरले. संचालकाचा हात अजून वरच होता. या वेळीं टाळी वाजविण्याची आम्हांस घाई झाली नाहीं.