सूडाचा पुरावा : 'रुरा पेंथे' या कारागृहाची दोन रूपे

सूडाने पेटलेल्या नायकाला वाचकाची सहानुभूती मिळवून द्यायची तर कथाकाराला काही पुरावा सादर करावा लागतो. साहसकथेच्या परंपरेत हा पुरावा पुष्कळदा कारागृहाच्या रूपाने येतो. अलेक्सांद्र द्यूमाच्या एदमाँ दांतेसला शातो द'इफच्या कोठडीत चौदा वर्षे काढावी लागली नसती, तर त्याचे नंतरचे निर्दय आचरण वाचकाने इतक्या सहजपणे मान्य केले नसते. या दृष्टीने एका काल्पनिक कारागृहाचा प्रवास तपासण्यासारखा आहे. 'रुरा पेंथे' हे नाव १९५४ साली डिस्नेनिर्मित 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या चित्रपटात येते आणि पुन्हा १९९१ साली 'स्टार ट्रेक'च्या सहाव्या चित्रपटात येते. पहिल्यात ते पृथ्वीवरील एका बेटावरचे सक्तमजुरीचे ठाणे आहे, दुसऱ्यात ते परग्रहवासीयांच्या साम्राज्यातील बर्फाच्छादित लघुग्रहावरच्या खाणीचे नाव आहे. दोन्हीकडे एक संतप्त कप्तान तेथून निसटतो. मात्र ज्या कादंबरीवरून पहिला चित्रपट बेतला गेला, तिच्यात हे कारागृह मुळीच नाही. कादंबरीत नसलेले कारागृह चित्रपटाला का लागले, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो सूडाच्या नैतिकतेचा आणि इतिहासाच्या विलोपनाचा प्रश्न आहे.

ज्यूल व्हर्नची मूळ कादंबरी १८६९–७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील नेमोच्या सूडाला उघड असे कारण नाही. नेमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणीही नाही'. होमरच्या ओडिसियसने एकाक्ष राक्षसाला सांगितलेले नावही हेच होते. व्हर्नच्या मनातील आरंभीचा नेमो रशियाविरुद्ध सूड घेणारा पोलिश उमराव होता. प्रकाशक हेत्झेलने रशियन बाजारपेठेच्या चिंतेने ती कल्पना नामंजूर केली, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. परंतु या व्यावसायिक तडजोडीतून कादंबरीला जे मौन लाभले, ते तिचे सर्वांत मोठे सामर्थ्य ठरले. वाचकाच्या हाती केवळ खुणा येतात : नेमोच्या खोलीत कोस्त्युश्को, ओकॉनेल, लिंकन, जॉन ब्राउन यांची चित्रे आहेत, क्रीटच्या बंडखोरांकडे तो सोने पाठवतो, सिलोनजवळ शार्कच्या जबड्यातून एका गरीब भारतीय पाणबुड्याला वाचवल्यावर तो माणूस पीडितांच्या देशाचा रहिवासी असून आपणही त्याच देशाचे आहोत, असे तो सुचवतो. शेवटी एक युद्धनौका तो बुडवतो. तिचा ध्वज कोणत्या राष्ट्राचा, हे वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही. त्यानंतर एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या चित्रापुढे तो गुडघे टेकून हुंदके देतो. सूड आहे, दुःख आहे. मधला दुवा तेवढा गाळलेला आहे.

हा दुवा 'मिस्टीरियस आयलंड' (१८७४–७५) मध्ये भरला जातो. नेमो म्हणजे बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र आणि टिपू सुलतानाचा पुतण्या, राजपुत्र डक्कार. दहाव्या वर्षी तो युरोपात शिक्षणासाठी गेला, १८४९ मध्ये परतला, १८५७ च्या उठावात वीस लढाया लढला, दहा वेळा जखमी झाला, आणि त्याच्या आईवडिलांसह पत्नी व मुले त्याने गमावली. नंतर सुमारे वीस एकनिष्ठ सोबत्यांसह एका निर्जन बेटावर त्याने नॉटिलस बांधली. म्हैसूरचे सुलतानी घराणे आणि बुंदेलखंडाचे सिंहासन यांची ही सोयरीक भूगोलाच्या व वंशावळीच्या अंगाने किती विचित्र आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मधून झाशीच्या वेढ्याचे आणि नंतरच्या कत्तलीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन ज्याने वाचले आहे, त्याला व्हर्नचे बुंदेलखंड नकाशावरून उचललेल्या नावासारखे वाटेल. तरीही एका फ्रेंच लेखकाने उठावानंतरच्या दोन दशकांत इंग्रजांच्या साम्राज्याचा सर्वांत भयंकर शत्रू एका हिंदी बंडखोराच्या रूपात कल्पिला, याचे महत्त्व या विसंगतीमुळे कमी होत नाही. यात फ्रेंचांच्या इंग्लंडविषयीच्या असूयेचा वाटा आहेच. अल्जीरियातील बंडखोराला व्हर्नने अशी पाणबुडी दिली असती का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मात्र ज्या क्षणी कारण सांगितले जाते, त्याच क्षणी निवाडाही दिला जातो. मरणोन्मुख नेमो आपली कहाणी सायरस स्मिथ या अमेरिकन अभियंत्यापुढे मांडतो आणि आपण बरोबर होतो की चूक, असे विचारतो. भूतकाळाला पुन्हा जिवंत करता येईल असे मानणे आणि अपरिहार्य प्रगतीशी झुंजणे ही तुमची चूक, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. येथे एका तपशिलाकडे टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. हा न्यायाधीश स्वतः कैदेतून पळालेला आहे. १८६५ च्या मार्चमध्ये दक्षिणी संघराज्याच्या ताब्यातील रिचमंडहून फुग्यात बसून स्मिथ आणि त्याचे सोबती निसटले आहेत. एका कैद्याचे पलायन प्रगतीच्या बाजूचे ठरते. दुसऱ्याचे बंड भूतकाळाच्या बाजूचे ठरते. पिएर माशरे याने १९६६ मध्ये या कादंबरीचे जे विश्लेषण केले, त्यात शून्यातून संस्कृती उभारण्याची रॉबिन्सनी कल्पना नेमोच्या अस्तित्वाने कशी उघडी पडते, हे दाखवले होते. ज्या बेटावर वसाहतकार स्वकष्टाने सर्व उभारत आहेत असे वाटते, तेथे कोणीतरी आधीच आहे आणि तोच गुपचूप मदत करत आहे. माशरेचे विवेचन पुढे नेऊन असे म्हणता येईल की, आधीपासून असलेला तो 'कोणीतरी' वसाहतीत हरलेला बंडखोर असावा, यातच या संहितेचे दाबलेले सत्य आहे. त्याच्या मदतीवाचून वसाहत उभी राहत नाही, आणि तो मेल्यावाचून तिची नैतिकता शाबूत राहत नाही.

व्हर्न याने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. १८५७ च्या बंडखोरांसाठी खरोखरीचे कारागृह उभे राहिले होते आणि तेही समुद्रातील बेटावर. १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात उतरवण्यात आली. डक्कारच्या सोबत्यांना निर्जन बेटाची वाट मिळाली. इतिहासातील त्याच्या सोबत्यांच्या वाट्याला जंगलतोड, रोगराई आणि बेड्या आल्या. सेल्युलर जेल नंतरचे, विसाव्या शतकाच्या आरंभी पुरे झालेले. त्यातील कोलूचे चित्र सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मुळे (१९२७) मराठी मनात कायमचे कोरले गेले. तेथे पलायन ही घटना कथानकाला गती देत नाही. दिवसाचे तेल मोजून द्यावयाचे असते, आणि उद्या पुन्हा तेच. साहसकथेतील कारागृह आणि साक्षीपर लेखनातील कारागृह यांतला भेद येथे स्पष्ट होतो : पहिल्यात काळ पलायनाच्या दिशेने धावतो, दुसऱ्यात श्रमाची पुनरावृत्ती हाच काळ असतो.

रिचर्ड फ्लायशरने दिग्दर्शित केलेल्या १९५४ च्या चित्रपटाने ही पार्श्वभूमी संपूर्ण बाजूला सारली. जेम्स मेसनचा नेमो हिंदी नाही. त्याला देशच नाही. एका प्रसंगी तो प्राध्यापक आरोनाला एका बेटाजवळ नेतो आणि दुरून दाखवतो की, माणसांच्या रांगा पाठीवर ओझी वाहत आहेत. स्फोटकांसाठी लागणारी नायट्रेट व फॉस्फेट जहाजावर चढवली जात आहेत. हेच रुरा पेंथे. आपण आणि आपले सर्व खलाशी येथेच कैदी होतो. आपल्या शोधाचे गुपित काढून घेण्यासाठी पत्नीचा व मुलाचा छळ करून त्यांना मारण्यात आले. मग आपण निसटलो. 'ते द्वेष्य राष्ट्र' एवढाच शत्रूचा निर्देश.

हा बदल वरवरचा नाही. कादंबरीतील नेमोचा राग पराभूत राष्ट्राचा होता, चित्रपटातील नेमोचा राग छळलेल्या शास्त्रज्ञाचा आहे. बंडाची जागा गुपिताने घेतली. अणुशक्तीच्या पहिल्या दशकात ज्ञान कोणाच्या हाती जावे हा प्रश्न अमेरिकन प्रेक्षकाला बुंदेलखंडापेक्षा कितीतरी जवळचा होता, आणि शेवटच्या स्फोटाचा ढग त्याला काय आठवून देत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु या अदलाबदलीत एक गोष्ट हाती लागली, हेही मान्य केले पाहिजे. कादंबरीतील खलाशी परकी, न समजणारी भाषा बोलणाऱ्या सावल्या होत्या. त्यांनी या कप्तानाला आपले आयुष्य का वाहिले, याचे उत्तर कादंबरीत कोठेच नीट मिळत नव्हते. सामायिक कैद हे त्याचे उत्तर होऊ शकते. एकाच खाणीत वाकलेल्या पाठी एकाच जहाजावर शिस्तीने उभ्या आहेत, ही कल्पना पटकथेतील सर्वांत बळकट कल्पना आहे. दुर्दैवाने पटकथा ती तेथेच सोडून देते. खलाश्यांपैकी एकालाही आपली कहाणी सांगता येत नाही.

रोलाँ बार्त याने 'मिथॉलॉजीज' (१९५७) मध्ये व्हर्नच्या जगाला बंदिस्तपणाच्या सुखाचे जग म्हटले होते. नॉटिलस म्हणजे आरामशीर, पुस्तकांनी भरलेली, खिडकीतून बाहेरचे वादळ पाहण्याची सोय असलेली गुहा. हे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु बार्तला दिसलेली गुहा ही आतल्या मालकाच्या नजरेतली आहे. नेड लँडच्या नजरेतून पाहिले की हीच गुहा कारागृह होते. आरोना, कोन्सेय आणि नेड यांना नेमो जिवंत ठेवतो, उत्तम जेवण देतो, ग्रंथालय मोकळे करतो. जाऊ मात्र देत नाही. कादंबरीच्या कथनाचा सगळा ताण या एका निर्बंधावर उभा आहे. म्हणजे कैदेतून निसटलेला कप्तान स्वतः कारागृहपाल झालेला आहे. चित्रपटाने रुरा पेंथे निर्माण केल्यामुळे ही विसंगती अधिक तीक्ष्ण झाली, आणि पटकथाकाराच्या ते लक्षात आले असेल असे वाटत नाही. सूडाची खरी शोकांतिका बळी पडलेल्या जहाजांच्या संख्येत शोधण्यापेक्षा या टेबलाभोवती शोधावी, जेथे पाहुण्यांना बाहेरचे दार नाही.

मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्न कुमारवाचकांपर्यंत पोहोचवला, आणि ते ऋण मोठे आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, नेमो बालवाङ्मयाच्या फडताळात राहिला. वासाहतिक संहितांची चर्चा आपल्याकडे जोमाने सुरू झाली, तेव्हा किपलिंग आणि फॉर्स्टर यांची उलटतपासणी झाली. बुंदेलखंडाचा हा राजपुत्र साक्षीला बोलावला गेला नाही.

निकोलस मायर दिग्दर्शित 'स्टार ट्रेक सहा' डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघराज्य विसर्जित होण्याच्या काही दिवस आधी, प्रदर्शित झाला. क्लिंगॉन साम्राज्याच्या ऊर्जाकेंद्राचा स्फोट, तहाची बोलणी, शांततेसाठी पुढे आलेल्या चॅन्सेलर गॉर्कनचा खून : रूपक लपवण्याचा प्रयत्नही नाही. कप्तान कर्क येथे सूडाची धग बाळगून आहे, कारण क्लिंगॉनांनी त्याचा मुलगा मारला आहे. खुनाच्या खोट्या आरोपावरून तो आणि डॉक्टर मॅकॉय यांना जन्मठेप होते आणि त्यांना डायलिथियमच्या खाणीत पाठवले जाते. या रुरा पेंथेला तट नाही, पहाऱ्याचे बुरूज नाहीत. बाहेरची थंडी हाच पहारा. सायबेरियातील कातोर्गाच्या वर्णनांची छाया स्पष्ट आहे. 'गुलाग' हा शब्दही संवादात येतो.

नेमोच्या कथेत कारागृह सूडाचे कारण होते. येथे सूड कारागृहाचे कारण झालेला आहे. न्यायालयात कर्कविरुद्ध जो पुरावा येतो, तो त्याच्याच खासगी नोंदीतला : मुलाच्या मृत्यूबद्दल क्लिंगॉनांना आपण क्षमा करू शकलो नाही, ही त्याची कबुली. खून त्याने केलेला नाही, पण द्वेष त्याचाच आहे. मायरने येथे साहसकथेच्या चौकटीत दुर्मीळ असे काही साधले आहे. नायक निर्दोष आहे आणि तरीही आरोपात तथ्य आहे. त्यामुळे खाणीतला काळ त्याच्यासाठी छळापेक्षा आत्मपरीक्षणाचा होतो, आणि सुटकेचा मार्ग दाखवणारी रूपपालटी मार्शिया ही प्रत्यक्षात पळताना ठार मारण्याच्या कटातली निघते, तेव्हा पलायन या साहसकथेच्या लाडक्या घटनेवरच संशय उत्पन्न होतो. शेवटी कर्कला वाचवते ते त्याचे शौर्य नव्हे, तर स्पॉकने त्याच्या पाठीवर चिकटवलेली खूण आणि सीमा ओलांडून आलेले खलाशी. येथे खलाश्यांना नावे आहेत.

याच दिग्दर्शकाच्या १९८२ च्या चित्रपटात सूडाचा वाहक दुसरा कोणी होता : खान नूनियन सिंग. १९६७ च्या मूळ भागात तो उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असल्याचे सुचवलेले आहे. भूमिका मेक्सिकन नट रिकार्दो मोंतालबान याची. उजाड ग्रहावर सोडून दिलेला, पत्नी गमावलेला, निष्ठावंत सोबत्यांसह परतलेला हा हिंदी राजपुरुष डक्कारचा दूरचा वंशज म्हणता येईल. दोघांत फरक एवढाच की नेमोला मरताना आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. खानच्या वाट्याला आहाबचे शब्द येतात. म्हणजे मायरच्या जगात सूडापासून बरा होण्याचा अधिकार कर्कला आहे. खानसाठी सूड हा स्वभाव आहे. २०१३ च्या चित्रपटात तर ही भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाकडे गेली आणि नावाखेरीज हिंदी असे काही उरले नाही. १९५४ मध्ये नेमोचे जे झाले, त्याचीच ही आवृत्ती.

लोकप्रिय चित्रपटावर इतका भार टाकणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येऊ शकतो. पण हा भार चित्रपटानेच उचललेला आहे. शत्रूला क्षमा कशी करावी, हा त्याचा घोषित विषय आहे. तेव्हा त्याने काय पाहिले नाही, हेही विचारता येते. डायलिथियम हे क्लिंगॉन जहाजांप्रमाणेच कर्कच्या स्वतःच्या जहाजाच्या यंत्रणेतही लागते. या पदार्थासाठी बर्फाखाली कोण खणत आहे, हे कर्क आणि मॅकॉय यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्या खाणीत अनेक जातींचे कैदी आहेत. 'परग्रहवासीयांचे स्मशान' ही तिची ख्याती संवादातच सांगितलेली आहे. तेथून दोघांना उचलून घेतल्यावर कथा थेट खितोमरच्या शांतता परिषदेकडे धावते. कट उघड होतो, तह वाचतो, टाळ्या होतात. परिषदेच्या त्या सभागृहात रुरा पेंथेचा उल्लेख कोणी करत नाही. कर्कही करत नाही.