‘शून्यापासून’ लिहायचा व्हिडिओ एडिटर

समजा, उद्या तुमच्या मनात आलं की लिनक्ससाठी एक नवा, मुक्त स्रोत व्हिडिओ एडिटर लिहायचा. आधी काय कराल? बहुतेक सगळे करतात तेच: नाव ठरवाल, पडद्याचं एक चित्र काढाल (वर दोन खिडक्या, खाली टाइमलाइन, रंग गडद), ‘सी प्लस प्लस की रस्ट’ यावर दोन रात्री वाद घालाल आणि मग एक आराखडा लिहाल.

असे आराखडे वाचणं हे सध्या माझं काम आहे. मुक्त स्रोत प्रकल्प सुरू करताना लोक काय लिहून ठेवतात आणि पुढे त्याचं काय होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. मॅडमना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तू बाजारातल्या तुरींवर प्रबंध लिहिणार!” साधारण तसंच.

आजची तक्रार या आराखड्यांमधल्या एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे ‘शून्यापासून’. आहेत ते एडिटर अडगळीचे झालेत, म्हणून आम्ही सगळं शून्यापासून लिहिणार, असं वाक्य जवळपास प्रत्येक आराखड्यात कुठेतरी असतंच. वाचताना छान वाटतं. त्याचा खर्च मात्र कुठेच मांडलेला नसतो.

खर्च कसला? टाइमलाइनवर चौकोन सरकवणं हे त्या मानाने सोपं काम आहे. अवघड आहे ते त्या चौकोनाखालचं. तुमच्या फोनने काढलेल्या व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. साधारण सेकंदभराने एखादं पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांसाठी फक्त ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ याची नोंद. आता तुम्ही 437व्या फ्रेमवर कट मारायचा म्हणालात, तर एडिटरला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून एकेक पायरी उलगडत 437पर्यंत यावं लागतं. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 40 मिलिसेकंद. तीन थर एकावर एक असतील तर तिन्हींचं हे उलगडणं तेवढ्याच वेळात. त्यात बरेच फोन फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की वेगही घसरतो.

आवाजाचं गणित तर आणखी खट्याळ. ज्याला आपण 29.97 म्हणतो तो वेग खरं तर 30000 भागिले 1001 असतो. आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने धरले तर एका फ्रेमच्या वाट्याला 1601.6 नमुने येतात. आता 0.6 नमुना कापणार कसा? मग कुठल्या फ्रेमला 1601, कुठल्या फ्रेमला 1602 अशी वाटणी करून पाच फ्रेममध्ये बरोबर 8008 जुळवावे लागतात. हे चुकलं तर पहिल्या मिनिटात काही कळत नाही. पण एक तासाच्या कार्यक्रमाच्या शेवटी वक्त्याचे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच.

असली शेकडो गणितं ज्या थरात सोडवलेली असतात त्याला इंजिन म्हणू. लिनक्सवर एडिटर पुष्कळ दिसतात, पण इंजिनं मोजकीच आहेत. केडेनलाइव्ह, शॉटकट, फ्लोब्लेड हे तिन्ही एमएलटी नावाच्या एकाच इंजिनावर चालतात. पिटिव्ही चालतो जीस्ट्रीमरवर. एमएलटीच्या जुन्या फाइली उघडल्यात तर माथ्यावर 2003-2004 या सालांसोबत ‘उषोदया एंटरप्रायझेस लिमिटेड’ हे नाव दिसेल. ही हैदराबादची, ईनाडू आणि ईटीव्हीवाल्या समूहाची कंपनी. म्हणजे ज्या घराण्यातून आपल्याकडे ईटीव्ही मराठी आलं, त्याच घरच्या गरजेतून हे इंजिन उभं राहिलं. मला हे कळलं त्या दिवशी मी लॅबमध्ये दिसेल त्याला सांगत सुटले होते. पण मुद्दा नुसत्या गमतीचा नाही. टीव्ही वाहिनीसाठी केलेलं काम म्हणजे चोवीस तास न थांबता चालायला हवं, आवाज सरकायला नको. त्या धाकाखाली लिहिलेला कोड आणि दोन रविवारांत लिहिलेला कोड यांत फरक पडणारच.

ओपनशॉटचं उदाहरण घ्या. 2008मध्ये जोनाथन थॉमस यांनी तो सुरू केला, एमएलटीवरच. लोकांना आवडला, कारण सोपा होता. 2013मध्ये विंडोज आणि मॅकवरही तो चालवायचा म्हणून त्यांनी किकस्टार्टरवर पैसे मागितले. मागितले 20 हजार डॉलर, मिळाले 45 हजारांच्या आसपास. एमएलटी सोडायचं आणि स्वतःचं इंजिन लिहायचं, हेही ठरलेलं होतं. आवृत्ती 2.0 लोकांच्या हातात पडली ती 2016च्या सुरुवातीला, आणि पहिल्या आवृत्त्या मध्येच बंद पडतात अशा तक्रारी बऱ्याच होत्या. दरम्यान एमएलटीच्याच एका कर्त्याने, डॅन डेनेडी यांनी, शॉटकट 2011पासून नव्याने लिहायला घेतला होता, आणि जुन्या इंजिनासकट तो तिन्ही ठिकाणी चालवून दाखवला. थॉमस यांनी प्रकल्प सोडला नाही, आजही तो चालू आहे, हे त्यांचं श्रेय. पण आराखडा म्हणून वाचलं तर ‘इंजिन बदलू’ हे एक वाक्य कित्येक वर्षांचं निघालं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही बाई जुन्याचीच वकिली करतेय. जुन्या इंजिनांना मर्यादा होत्याच. एमएलटीमधलं रंगांचं काम वर्षानुवर्षं मुख्यतः 8 बिटांत अडकलेलं होतं. रंगांशी गंभीरपणे खेळणाऱ्याला ते पुरत नाही. ऑलिव्ह या एडिटरने नेमकं हेच दुखणं पकडलं. 2019मध्ये त्याची 0.1 आवृत्ती आली, चपळ आणि देखणी. लोक खूश. आणि मग लेखकाने ठरवलं की पाया चुकलाय, 0.2 पूर्ण नव्याने लिहायची, नोडच्या जाळ्यावर, रंगव्यवस्था पहिल्यापासून नीट. तांत्रिकदृष्ट्या निदान बरोबर होतं, मला अजूनही तसंच वाटतं. पण 0.1चं काम तिथेच थांबलं आणि 0.2 वर्षानुवर्षं चाचणीच्याच रूपात राहिली. खूश झालेले लोक मधल्या काळात कशावर काम करणार होते, याचं उत्तर त्या आराखड्यात नव्हतं.

लुमिएराची गोष्ट याहून टोकाची. सिनेलेराच्या जुन्या कोडला कंटाळून 2008च्या सुमारास काही मंडळी वेगळी झाली. त्यांची रचनेची टिपणं वाचाल तर थक्क व्हाल. मी तर एका प्रकरणापुरती पाठ्यपुस्तकासारखी वापरली आहेत. एडिटर मात्र अजून रोजच्या वापराजोगा झालेला नाही.

‘पण रिझॉल्व्ह फुकट मिळतो की,’ असं कुणीतरी म्हणतंच. मिळतो. त्याची लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच.264 उघडत नाही, आणि बहुतेकांच्या फोनमधला व्हिडिओ त्याच जातकुळीचा असतो. म्हणजे आधी सगळ्या क्लिप दुसऱ्या रूपात बदलून घ्या, डिस्क भरा, मग कामाला बसा.

मला मनापासून आवडलेला आराखडा केडेनलाइव्हचा आहे, 19.04 या आवृत्तीपर्यंत नेणारा. त्यांचीही टाइमलाइन जुनी, ठिसूळ झाली होती. त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. टाइमलाइनचा गाभा नव्याने लिहिला, 60 टक्क्यांहून जास्त कोड बदलला, आणि हे सगळं होईपर्यंत जुन्या आवृत्त्या लोकांना देत राहिले. एप्रिल 2019मध्ये नवी आली तेव्हा तिच्यातही बग होतेच. पण ती यायच्या आदल्या दिवशी कुणाचं काम अडलेलं नव्हतं. हे वाक्य साधं दिसतं, पण मी वाचलेल्या बहुतेक आराखड्यांना ते लागू करता येत नाही.

आराखड्यात मी आता सगळ्यात आधी प्रोजेक्ट फाइलबद्दल काय लिहिलंय ते शोधते. बहुतेक वेळा काहीच नसतं. आणि इथे माझा एक स्वार्थ आहे, तो सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी मी मोठ्या मामांची मुलाखत घेतली होती, गिरणीतल्या दिवसांबद्दल. पावणेदोन तासांचं चित्रण. एका नव्या एडिटरच्या प्रेमात होते तेव्हा (नाव घेत नाही), त्यात बसून ते 26 मिनिटांवर आणलं. पुढे त्या एडिटरने आतली रचना बदलली, फाइलही बदलली. जुनी फाइल नव्यात उघडत नाही आणि जुना एडिटर माझ्या आताच्या लिनक्सवर चढत नाही. फाइल साध्या मजकुराची असती तर हाताने वाचली असती. केडेनलाइव्हची एक्सएमएल असते, ओपनशॉटची जेसन; वेळ आली तर कुठला कट कुठे आहे ते डोळ्यांनी शोधता येतं. माझ्या फाइलमध्ये नुसती बाइटांची खिचडी आहे.

यावर उपायही आहे. पिक्सारमध्ये सुरू झालेलं ओपनटाइमलाइनआयओ कटांची यादी अशा रूपात ठेवतं की दुसऱ्या एडिटरला ती वाचता यावी. नव्या आराखड्यात हे ‘पुढे कधीतरी’ या मथळ्याखाली दिसलं की मी पेन्सिलने खूण करते. इफेक्ट पुढे कधीतरी चालतील. हे पहिल्या महिन्यातलं काम आहे.

तुम्हाला खरंच एडिटर लिहायचा असेल तर आधी एमएलटीसोबत येणारा मेल्ट हा टर्मिनलवरचा प्रोग्राम घ्या. आपल्याच फोनमधल्या दोन क्लिप एकामागोमाग लावा, मध्ये एक डिझॉल्व्ह टाका आणि तो एक्सएमएलमध्ये साठवून वाचून बघा. पडद्याचं चित्र काढायच्या आधी एक संध्याकाळ एवढंच.

मामा मागच्या वर्षी गेले. मूळ क्लिप सगळ्या आहेत. तेव्हा व्हॉट्सॲपवर त्यांना पाठवायला म्हणून काढलेली 26 मिनिटांची पुसट प्रतही आहे. ती एका खिडकीत लावते, मूळ चित्रण दुसऱ्या खिडकीत, आणि कुठे कापलं होतं ते वहीत लिहून घेते. काल रात्री नवव्या मिनिटापर्यंत आले.